गाडीचं दार

एक मोठा नट अपघातात गेला. त्याची गाडी चालवणारा ड्रायव्हरही त्याच्याबरोबर जागच्या जागी गेला. सगळ्या चॅनलवर नटाशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि ड्रायव्हरची बायको सकाळपासून टीव्हीसमोरून हलत नव्हती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

तिच्या थोरल्या भावाचा जीव नुसता चडफडत होता. नटाचा बंगला दाखवून झाला, त्याचा कुत्रा अन्नाला कसा शिवत नाही तेही सांगून झालं.

"कुत्र्याचं नाव ऊठसूट घेतायत," तो म्हणाला. "दाजींचं एकदा तरी घेतलं का? आणि तू त्या नटाचंच बघत बसलीस."

शेवटी तो टीव्ही बंद करायला उठला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"थांब दादा. आता तो जुना व्हिडिओ लावतील. साहेब उतरतात तेव्हा हे गाडीचं दार उघडून धरतात आणि कुणाकडे तरी बघून हसतात." मग म्हणाली, "फोटो आहेत रे माझ्याकडे. पण हलते-हसते हे तेवढ्यातच दिसतात."

भाऊ तिच्या शेजारी टेकला.

* * *

दोन दिवसांनी सगळ्या चॅनलना नवी बातमी मिळाली, आणि भाऊ रिमोट घेऊन संध्याकाळपर्यंत एकेक चॅनल पालथं घालत बसला.