टिटवीच्या गावाला

होडी किनाऱ्यावरून सुटली तेव्हा वायरमन मान खाली घालून बसला होता. समुद्राला भिऊन नव्हे. आपण सख्ख्या बापाला फसवायला निघालोय, या लाजेने.

आबा पुढच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बसले होते. दोन्ही डोळ्यांत पडदे. उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. धाप अशी की डॉक्टरने औषध बदलायचंही सोडून दिलं होतं. तरी एकच धोशा: सरहद्दीपलीकडे राहिलेल्या बहिणीला भेटायचं. तिला ते टिटवी म्हणायचे. लहानपणी घसा फाटेस्तोवर ओरडायची म्हणून.

सरहद्द म्हणजे तरी काय? पंख्याखाली बसून कुणीतरी नकाशावर ओढलेली रेघ. ती एका कुटुंबाच्या मधून गेली, आणि ओढणारा हात धुऊन जेवायला गेला. परवान्यासाठी वायरमनने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. बहीण असल्याचा पुरावा आणा, म्हणाले. बहिणीचा पुरावा कुठे मिळतो, असं विचारलं तर साहेबाला राग आला. चोरून जावं, तर गस्तीची लाँच आधी गोळी घालते आणि मग नाव विचारते. घरी बायको होती, लहान पोरी होत्या.

म्हणून त्याने नावाड्याला गाठलं. खारफुटीच्या खाड्यांतून गोल गोल फिरवायचं आणि अलीकडच्याच एका बेटावर उतरवायचं, असं ठरलं. तिथे नावाड्याने ओळखीची एक म्हातारी बसवून ठेवायची. तीच टिटवी. तिला पढवायला वायरमनने टिटवीचं नाव, गाव आणि घरातल्या चार गोष्टीही सांगून ठेवल्या. नावाडी मान हलवत ऐकून गेला. तोंड उघडणं त्याच्या जिवावरच यायचं.

ऊन चढलं तशी आबांनी त्याची चौकशी सुरू केली. घरी कोण, पोरं काय करतात, बायको भांडते का. नावाडी हं हं करत राहिला.

"आणि बाप?" आबांनी विचारलं. "आहे का?"

"नाही. तिकडेच राहिला होता. मला कळलं तोवर माती होऊन गेली होती."

आबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "मला नीट नेतोस ना, बाबा?"

नावाड्याने वायरमनकडे पाहिलं. वायरमनने पाण्यात पाहिलं.

"नेतो," नावाडी म्हणाला.

पुढच्या वळणावर त्याने इंजिन बंद केलं. लांब बांबू काढला आणि चिखलात रोवत होडी ढकलू लागला. बापलेकांना त्याने आडवं व्हायला लावलं आणि वरून जाळं टाकलं. जाळ्याला मासळीचा असा वास, की वायरमनला मळमळायला लागलं. सोंग करावं, पण त्यालाही काही सुमार?

"अहो, बास की," तो कुजबुजला. "कुणी हारतुरे घालणार नाहीये तुम्हाला."

नावाड्याने ओठांवर बोट ठेवलं. त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता. लांब कुठेतरी एक इंजिन घरघरत गेलं. असेल कुणी मासेवाला.

जाळ्याखाली आबांनी लेकाचा हात चाचपून घट्ट धरला.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "मी आहे."

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपार कलताना होडी वाळूला लागली. थोडी घरं, दोरीवर वाळणारे कपडे, सावलीत पसरलेलं एक कुत्रं. नावाडी उतरून एका दारात काहीतरी बोलून आला. वायरमनने आबांना हाताला धरून वाळूत आणून बसवलं. थोड्या वेळाने एक म्हातारी ओल्या हातांनीच, पदर सावरत, धापा टाकत आली. आबांसमोर थांबली. वाकून त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"मेल्या," ती म्हणाली, "गेलास तो गेलास, माझ्या चपला घालून गेलास. वर्षभर अनवाणी फिरले मी."

आबा धाप लागेपर्यंत हसले. "तुझं पायाचं मापच दांडगं, टिटवे. रस्ताभर फटफट वाजत होत्या."

मग हसता हसता दोघांचंही तोंड वेडंवाकडं झालं. तिने त्यांचं डोकं छातीशी धरलं.

चपलांचं काही वायरमनने पढवलं नव्हतं. म्हातारी मनचं घालत होती, आणि बाप इतका भुकेला होता की कुणी काहीही वाढलं तरी गोड मानून गिळत होता. वायरमनला ते बघवेना. आबांना दिसत नाही, हे त्यातल्या त्यात बरं, असा विचार मनात आला आणि स्वतःचीच किळस वाटली.

तो होडीकडे गेला. नावाडी गुडघाभर पाण्यात होडी धरून उभा होता. नजर समुद्रावर.

"बाई फक्कड शोधलीत," वायरमन म्हणाला. त्याचा आवाज कडवट झाला. "पण पुरे आता. तिला म्हणावं, उठ आणि आपल्या घरी जा."

"ती घरीच आहे," नावाडी म्हणाला. "मी ठरवलेली म्हातारी मागे त्या बेटावर अजून आपली वाट बघत बसली असेल."