आमच्यात जाळत न्हाईत

पडद्यावर शिवय्याचा ट्रक पेटला आणि मागच्या रांगेतनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. गंगव्वानं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शिवय्या तिचा नवरा. जन्मभर ट्रक चालवला. मलकापूरच्या रस्त्यावर शूटिंग चाललं होतं, तिथं दिग्दर्शकाला त्याचं तोंड आवडलं आणि त्यानं सिनेमात त्याला ट्रकवालाच केला. सिनेमा पुरा व्हायच्या आत शिवय्या छातीत कळ येऊन गेला. आता सिनेमाला बाहेरदेशात बक्षीस मिळालेलं, कोल्हापुरात तो लागलेला. लेक शांभवी म्हणाली, "अव्वा, चल, अप्पाला बघून येऊ." गंगव्वा ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून आली. विधवेनं एवढं नटून सिनेमाला जावं का, असं शेजारीण म्हणाली, तर गंगव्वा तिला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला बघाय निघालोय, दुसऱ्याच्या न्हवं."

पण हे असलं कसलं बघणं? बैलाच्या डोक्याची माणसं रस्ता अडवत होती. कारण ना काय, सुरे चालत होते. शिवय्या चहा पीत उभा होता, त्यालाही त्यांनी मारलं आणि ट्रकात घालून जाळलं. मग सगळं उलटं फिरू लागलं. जाळ आत ओढला गेला, शिवय्या उठला, सांडलेला चहा कपात परत चढला. गंगव्वा हरखली. आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्यांनी जाळला त्यांच्याच हातनं परत घ्यायचा आणि वर खूश व्हायचं, ही काय रीत झाली?

दिवे लागले. दिग्दर्शक पुढं येऊन उभा राहिला. लोक विचारू लागले, बैल म्हणजे काय, जाळ म्हणजे काय. गंगव्वा उठली. शांभवीनं हात ओढला, पण ऐकतंय कोण.

"पावणं, आमी लिंगायत. आमच्यात जाळत न्हाईत. बसवून माती देत्यात. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

शांभवी खाली मान घालून म्हणाली, "शिवय्यांच्या घरच्या आहेत."

दिग्दर्शक खाली उतरून तिच्यासमोर आला. "मला माहीत नव्हतं, मावशी. आणि जाळला तो बाहुला होता. सीन सांगितला तेव्हा शिवय्यापण काही बोलले नाहीत."

"बोलत्यात कशाला? न्हाय म्हणायचं त्येस्नी कधी जमलंच न्हाय. बाहुला हुता, कळतंय की मला. पण जळताना मी बघितलंच न्हवं का."

"चुकलं माझं," तो म्हणाला.

आता बाई तरातरा निघून जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. तिलाही तेच वाटत होतं. पण पाय उचलेना. राग होता तिथंच होता, आणि जीव पडद्यात अडकला होता.

"ते उलटं फिरतंय बघा," ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला. "तेवढंच परत लावता का?"

दिवे मालवले. जाळ आत गेला. शिवय्या उठला, चहा खाली ठेवून ट्रकात चढला. ट्रक मागं मागं जाऊ लागला आणि रस्त्यावर लहान लहान होत गेला. काचेमागं त्याचं तोंड मात्र वळणापर्यंत तिच्याकडंच होतं.

"दमानं जावा," गंगव्वा म्हणाली.