डावा पडदा

"आजकालच्या पोरींना सांगून काही उपयोग नाही, साहेब. कॉलेजात जाते ना, हिला सगळं आधीच येतं. मी म्हटलं थांब, मी आले की कापू. पण हिला धीर कुठला! उचलली कात्री आणि कापून मोकळी."

म्हातारी हे बोलली तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती, हातात खडू होता आणि नजर भिंतीवर होती. नातीकडे तिने पाहिलं नाही.

कापायच्या लांब टेबलावर रंगमंचाचा डावा पडदा पसरला होता. सभागृहाच्या मॅनेजरने तो उतरवून स्वतःच्या गाडीतून परत आणला होता. मखमल तीच, रंग तोच. पण मखमलीला लव असते आणि ती एकाच बाजूला बसते. उजव्या पडद्याची लव खाली बसलेली, डाव्याची वर. दिवे लागले की उजवा लाल दिसायचा आणि डावा काळपट, मळल्यासारखा.

"परवा उद्घाटन आहे," मॅनेजर म्हणाला. "आमचा शिपाईसुद्धा विचारतो, एक पडदा धुवायचा राहिला का म्हणून."

एरवी यावर कोणीतरी हसलं असतं. चारही मशिनी थांबल्या होत्या. कारागिरांना ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात याच टेबलाशी पोरगी कापडावरून हात फिरवत म्हणाली होती, "आजी, हे उलटं धरलंयस. वरून खाली हात नेला की खरखरीत लागतंय." तेव्हा म्हातारीने सगळ्यांदेखत तिला झाडलं होतं, "चाळीस वर्षं कापड कापतेय मी. तू तुझी वही सांभाळ." आणि कात्री चालवली होती. बोटांना पूर्वीसारखं कळत नाही, हे तिने अजून कोणाला सांगितलेलं नव्हतं.

पोरगी शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजने साठ तास खरंखुरं काम करून यायला सांगितलं होतं. कामाच्या जागी वागायचं कसं ते शिका आणि मालकाची सही आणा. म्हणून ती आजीच्या पडदे शिवायच्या कारखान्यात आली. मापं घ्यायला सभागृहात गेली, तेव्हा तिचं नीटनेटकं बोलणं बघून या मॅनेजरनेच तिला विचारलं होतं, परीक्षा झाली की आमच्या ऑफिसात येशील का? घरात पहिल्यांदाच कोणाला तरी खुर्चीवर बसून करायची नोकरी मिळत होती. म्हातारीने ते अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं, काहींना दोनदा.

मॅनेजर पोरीकडे वळला. "खरं का गं? तू कापलास?"

पोरीने आजीकडे पाहिलं. आजी खडू बघत होती.

"हो सर. माझं चुकलं. उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा करून देतो आम्ही."

"दुसरा तर द्याच. पण विचारून करायची सवय नसेल तर आमच्याकडचं काम तुला जमायचं नाही. तेव्हा ते आता राहू दे."

तो जिना उतरायला लागला. मशीन कोणी सुरू करेना. म्हातारा मास्तर सुईत दोरा ओवत बसला होता, ओवलेलाच दोरा काढून पुन्हा ओवत होता.

"असं का बोललीस?" म्हातारीने विचारलं.

"कॉलेजात सांगितलंय." पोरगी पडद्याची घडी घालत होती. "गिऱ्हाइकासमोर आपल्या जागेतल्या माणसाला खोटं पाडायचं नाही."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला कसं गप्प करायचं ते म्हातारीला येत होतं. पण पोरगी पाठ केलेला धडा म्हणावा तशी बोलली, आणि धड्याच्या शेवटी तिची घडी वाकडी गेली.

म्हातारी जिना उतरली. चपला घालायचं राहून गेलं. मॅनेजर गाडीचं दार उघडत होता. समोरचा कुलूपवाला आणि शेजारची शिंपीण दारात उभे होते.

"तो पडदा मी कापला," ती म्हणाली. हळू बोलायची सवयच नव्हती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरीने मला अडवलं होतं. माझ्या बोटांना आता लव लागत नाही."

मॅनेजर दार धरूनच वळला. "मग मघाशी का नाही बोललात, मावशी?"

जिच्या तोंडाला लागायला अख्खी गल्ली घाबरायची, ती खडूचे हात एकमेकांवर चोळत उभी राहिली. शिंपीण आत निघून गेली, तेही तिला दिसलं.

"आणि तीही खोटं बोललीच की," मॅनेजर म्हणाला. "बघतो. विचार करतो." गाडी गेली.

ती वर आली तेव्हा पोरगी मखमलीचा नवा ताका उलगडत होती. खिडकी उघडीच होती. वर सगळं ऐकू आलं होतं.

"कशाला सांगितलंस आजी? ते पण चारचौघांत! मी घेतलं होतं ना अंगावर?"

म्हातारी स्टुलावर बसली. तळपायाला खडे टोचले होते, ते तिने एकेक करून झटकले. मग मास्तरालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तू अंगावर घेतलंस म्हणून मी सुधारले असते? उद्या पुन्हा उलटा कापला असता, आणि पुन्हा तुझंच नाव सांगितलं असतं. इतकी वर्षं एका घरात राहतेस, अजून ओळखलं नाहीस मला?"