रऊफचे पडदे

“आज पुन्हा नवं?” शुक्रीने कोशरी-खिचडीचे डबे टेबलावर ठेवले. “माझी बायकोसुद्धा खिडकीचे पडदे इतक्यांदा बदलत नाही.”

“यंत्रात लिनक्स आहे, शुक्री बाशा. सगळे पडदे फुकट, सुरू करताना हवा तो निवडायचा,” रऊफ संगणकावरची नजर न काढता म्हणाला. “काल हिरवा होता, आज निळा.”

अलेक्झांड्रियात ट्रामच्या रुळांलगत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मोबाइल शुक्रीकडे, संगणक रऊफकडे. तिसरा भागीदार वजदी. त्याला गेल्या महिन्यात पोलिसांनी घरातून उचललं. कापडगिरणीला आग लागली तेव्हा दारं बाहेरून बंद होती, हे सांगणाऱ्या कामगारांचं त्याने चित्रण केलं होतं. पाठोपाठ ते कामगारही एकेक करून नाहीसे झाले.

आणि रऊफ तेव्हापासून रंग बदलत बसला होता. शुक्रीला याची चीड यायची. वजदीच्या आईकडे जेवण पोचवायचा तो शुक्रीच. म्हातारी त्याचा हात धरून रडायची. परतल्यावर त्याला घास गिळवत नसे.

“दुपारी गिरणीतला एकजण बोलून गेला,” रऊफ म्हणाला. “त्याचं चित्रण यातच ठेवलंय.”

“पुसून टाक. आणखी किती माणसं घालवायची?”

“पुसलं तर कोर्टात काय दाखवू? गिरणीतल्या त्या पोरी जळाल्या रे आत.”

शुक्रीने डबा उघडला. मग म्हणाला, “एवढं बदलतोस, फाइली हरवत नाहीत?”

“भिंत रंगवली म्हणून घर बदलतं का? आत सगळं जागच्या जागी. तुला कुठला आवडतो?”

“तो करडा. खाली पट्टी, बाकी काही नाही. दुसऱ्यांत मी वाटच चुकतो. पण मला काय करायचंय? महिनाभर तुझ्या यंत्राला हातही लावलेला नाही मी.”

रऊफने यंत्र बंद केलं. दोघांनी आपापल्या किल्ल्या घेतल्या आणि ते घरी गेले.

सकाळी शुक्री आला तेव्हा रऊफ बंद यंत्रासमोर बसला होता.

“सबरीला नेलं,” तो म्हणाला. “काल बोलून गेलेला.”

“या अल्ला!” शुक्री त्याच्या शेजारी बसला. त्याचे डोळे खरंच भरून आले.

“कोणीतरी फितूर आहे.”

“कोण असेल?”

“यंत्र सुरू कर. सकाळपासून मी हात लावलेला नाही. परवलीचा शब्द तोच, आपल्या तिघांचा.”

शुक्रीने शब्द टाइप केला. यंत्र जुनं होतं. पडदा काळा झाला आणि बराच वेळ तसाच राहिला.

“पडदे बदलणं ही हौस नव्हती रे,” रऊफ हळूच म्हणाला. “शेवटी बसलेल्याने कुठला पडदा निवडला, ते हे यंत्र लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी तोच उघडतं. माणूस गेला की सकाळी मी ठेवलेला पडदा नसायचा; मला वाटायचं, रात्री कोणी परका येत असेल. काल जाताना मी निळा ठेवला होता.”

पडद्यावर उजेड आला. करडा. खाली पट्टी, बाकी काही नाही.