पिवळा ठिपका

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही ग्रॅनाइटच्या उघड्या डोंगरावर बसला आहात. कातळ इतका गार, की बूड बधिर झालंय. खाली राजवाड्याची छपरं, त्यांच्यापलीकडे सगळं शहर. शेजारी जोमी तिच्या आईबरोबर बसली आहे. तिची ताई ओकदान गेल्या पानगळीत राजवाड्यात दासी म्हणून गेली. आत गेलेली मुलगी म्हातारी झाल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही.

"आई, पिवळं दिसलं की सांग हं!"

ओकदान निघाली तेव्हा आईने तिला गर्द पिवळा अंगरखा शिवून दिला होता. "डोंगरावरून आम्ही तुला लगेच ओळखू," असं म्हणाली होती.

मागे नवसाच्या खडकापुढे एक म्हातारी बसली होती. ती खेकसली, "ए बाई, वाड्यात डोकावू नये. शिपाई पाठ सोलतील."

जोमीने विचारलं, "आजी, इथे वाघ आहेत ना? तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाघ बरा, पोरी. तो एकदाच खातो."

तेवढ्यात खालचं दार उघडलं. लहान मुलींची ओळ अंगणात आली. सगळ्यांचे अंगरखे हिरवे.

आईचा हात जोमीच्या खांद्यावर घट्ट झाला.

"ताई कोणती?"

"ती... पुढून दुसरी. चाल बघ ना तिची."

जोमी त्या दुसऱ्या मुलीकडे टक लावून बघत राहिली. ओळ भिंतीआड गेली आणि थोड्या वेळाने पाण्याच्या घागरी घेऊन परत आली.

"आता कोणती?"

"शेवटची."

"मघाशी दुसरी होती."

आईने बाहीने नाक पुसलं.

"ताई! ओकदानताई!" जोमी ओरडली. कातळाने तिचा आवाज तिलाच परत दिला. खाली एकही मान वर झाली नाही.

"वर बघायचं नसतं त्यांनी," म्हातारी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "मीही त्या ओळीत तशीच चालायचे."

जोमी उठून उभी राहिली. ओळीतल्या पहिल्या मुलीला तिने हात केला. मग दुसरीला. मग तिसरीला. अशी एकेक करत शेवटची भिंतीआड जाईपर्यंत.

मग वळून तिने म्हातारीलाही हात केला.