दादाची खुशाली

प्रिती वर्षभर एकटीच व्हिएतनाम, लाओस, कोरिया फिरली आणि शेवटी जपानमध्ये भावाकडे राहिली. तिथेच राजरत्नदादा तापाने चार दिवसांत गेला. आईचं हृदय नाजूक, म्हणून त्याचे अंत्यविधी उरकूनही प्रितीने फोनवर तिला काही कळवलं नाही.

आज ती परळला घरी आली. प्रवासाच्या गमती ऐकून शेजारणी गेल्यावर राधाबाईंनी विचारलं, "दादा कसाय?"

"मजेत आहे, आई. जरा जाड झालाय. तिकडची भाषापण फाडफाड बोलतो."

राधाबाई ऐकत राहिल्या, मधेच हसल्याही. मग त्यांनी लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत हळूच विचारलं,



"जाताना फार त्रास झाला का गं त्याला?"