दुसरं कुलूप

भातकुलीच्या खुशालरावांनी छपरावर सोलर बसवलं आणि तेव्हापासून त्यांची जीभच करंट मारू लागली. गावची लाइन गेली की त्यांचं मशीन आपोआप बंद पडायचं, थेंबभर वीज बाहेरच्या तारेत सांडायची नाही. तरी वीजवाल्यांनी भिंतीवर सोलर हाताने तोडायचा वेगळा स्विच लावायला लावला, हे काही त्यांना पचत नव्हतं.

आज घरासमोरची तुटलेली तार जोडायला म्हातारा लाइनमन सहदेव आला. त्याने आधी तो स्विच खाली ओढला आणि त्याला एक सोडून दोन कुलपं घातली.

"मशीन सोताहून बंद होते, त्यावर स्विच, त्यावर दोन कुलपं," खुशालराव ओट्यावरून म्हणाले. "पायजाम्याले नाडी, नाडीवर पट्टा, अन् पट्ट्यावर सुतळी. काहून रे बाप्पा?"

"जो खांबावर चढते, तो आपलं कुलूप लावते भाऊ. नेम हाये."

"पन तू त एकटाच चढून राहिला."

सहदेवने दोन्ही किल्ल्या जपून वरच्या खिशात ठेवल्या.



"दुसरं माह्या पोराचं हाये. मशीन सोताहून बंद होते म्हणून त्या दिवशी तो हे घरीच ठेवून खांबावर चढला होता."